खिडकीतला रुमाल

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात एकनाथमास्तरांचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी नव्हता. गाडी फलाटाला लागायच्या आत मास्तर तिच्याबरोबर धावत. रुमाल आत, जागा पक्की. गेल्या वर्षी असंच धावताना शेजारून मागे येणारी गाडी त्यांना दिसली नाही. मांडीचं हाड मोडलं, पण जीव वाचला. खोड मात्र गेली नाही. जित्याची खोड ती.

त्यांची लेक देवयानी पादचाऱ्यांच्या नियोजनावर संशोधन करत होती. तिच्या बरोबरीचे सगळे उड्डाणपुलांच्या मागे लागलेले, आणि हिने विषय घेतला तो स्टँडवर माणसं चालतात कशी हा. वडिलांना, आप्पांना, तशा अवस्थेत पाहिल्यावर तिला दुसरं काही सुचलंच नसतं. तिने सोलापूर स्टँडवरच्या अक्कलकोट गाडीच्या फलाटासाठी आराखडा केला: दोन्ही बाजूंना कठडा, गाडीच्या दाराशी नेणारी एकच वाट आणि त्या वाटेवर रांगेसाठी पिवळे पट्टे. स्टँडच्या साहेबांनी आठवडाभर करून बघायला परवानगी दिली.

प्रयोग पार आपटला. कागदावर गुमान उभी राहणारी माणसं सोलापूरच्या उन्हात कशाला उभी राहतील? ती बसायची लांब लिंबाखाली, आणि गाडी दिसली की कठड्यावरून उड्या मारायची. आपण सावलीचा विचारच केला नाही, हे देवयानीला कळलं, पण फार उशिरा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी कठडा निघणार होता.

आणि नेमके त्याच दिवशी आप्पा म्हणाले, "आज गुरुवार. मी आन् तुझी आई अक्कलकोटला जाऊन येतो."

"आप्पा, धावायचं नाही हं."

"काठी घेऊन कुटं धावतोय मी!" म्हणत त्यांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. देवयानीने तो रुमाल पाहिला आणि तीही त्यांच्याबरोबर निघाली.

दोघांना स्टँडच्या बाकावर बसवून ती कठडा राहू द्या म्हणून साहेबांची समजूत घालायला गेली. बोलणं लांबलं. परत येऊन बघते तर आई एकटीच, आणि अक्कलकोटची गाडी आत वळत होती. शेजारची गाडी मागे येऊ लागली.

"आप्पा!" ती किंचाळली. कंडक्टर शिवपुत्रने शिट्ट्या मारून दोन्ही गाड्या थांबवल्या. तिने वाकून चाकांखाली बघितलं. कुणी नव्हतं.

"काय झालं गं?" लिंबाखालून आप्पा काठी टेकत सावकाश येत होते. हातात चहाचा कप होता.

"आणि रुमाल कुठाय तुमचा?"

"त्यो काय, रांगेत."

पहिल्या पट्ट्यावर त्यांचा रुमाल अंथरलेला, वर दगड. त्याच्यामागे कुणाची पिशवी, पाण्याची बाटली, एक चपलांचा जोड, मग आणखी पिशव्या. रांग लागली होती. माणसं तेवढी सावलीत होती.

"तुझ्या कठड्यावरनं हात पोचंना खिडकीला," आप्पा कुरकुरले. "मग हितंच जागा धरली. माझं बघून बाकीच्यांनी बी धरली."

शिवपुत्रने दार उघडलं. जो तो येऊन आपापल्या वस्तूपाशी उभा राहिला आणि क्रमाने चढला. कठड्यावरून कुणी उडी मारली नाही. तिच्या मागोमाग येऊन उभे असलेले साहेब म्हणाले, "मॅडम, राहू दे हा कठडा. वर सावलीला पत्र्याचं बघतो मी."

देवयानीने ते धड ऐकलंसुद्धा नाही. तिचे डोळे आप्पांवर होते. ते न धावता, दांडी धरून, पायरी पायरी चढले आणि खिडकीशी बसले. ती फलाटावर मटकन बसली आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली.

त्यांच्या मागोमाग चढलेल्या आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अगं, रडतीस कशाला? बसला की बाप तुझा!"

"व्हय गं," देवयानी रडता रडता हसली, "म्हणूनच."