धड कापडाला ठिगळ

"धड कापडाला ठिगळ लावू नये रे, सोन्या. कापड रुसतं!"

शिलाई मशीनपाशी बसवून टाका शिकवणाऱ्या ताईचा हा आवाज. आईबाप गेल्यावर तिनेच या धाकट्या भावाला वाढवलं, शिंपी केलं. आज ताई काचेपलीकडे अतिदक्षता विभागात, अन् तो अलीकडे बाकावर. शेजारची जागा रिकामी. बोलायला समोर भिंत.

ताईच्या रक्तात जंतुसंसर्ग भिनला होता, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स उतरत होत्या. "प्लेटलेट्सची पिशवी चढवायलाच लाव, डॉक्टरांना सोडू नकोस!" फोनवरून सगळ्या नातलगांनी बजावलं, यायला मात्र कुणी आलं नाही. मग सकाळीच रक्तपेढीत जाऊन त्याने स्वतःच्या प्लेटलेट्स दिल्या.

"डॉक्टर, पिशवी तयार आहे. चढवा की!"

डॉक्टरीणबाई रिकाम्या जागेवर टेकल्या. "दादा, ताईंना कुठे रक्तस्राव नाही. आकडा कमी आहे, पण अजून धोक्याच्या रेषेच्या वर आहे."

"चढवली तर बिघडतं काय? माझंच रक्त आहे!"

"बिघडू शकतं. ताप येतो, क्वचित श्वास कोंडतो. आधीच थकलेल्या जिवाला तो भार कशाला? आकडा फार घसरला, किंवा एखादी नळी घालायची वेळ आली, तर रक्तस्राव सुरू होण्याची वाट बघणार नाही, आधीच देऊ. माप न घेता तुम्ही कापड कापता का?"

"गिऱ्हाईक कात्री माझ्यावरच चालवेल!" तो नकळत हसला, आणि हसताहसता डोळे भरले.

तेवढ्यात समोरच्या बाकावरचे म्हातारबाबा हुंदका देत उठले. त्यांच्या मुलाच्या नाकातोंडातून येणारं रक्त थांबत नव्हतं, आणि रक्तपेढीत त्याच्यासाठी प्लेटलेट्स उरल्या नव्हत्या.

अरे! आपण ठिगळ लावायला निघालो, ते ताईसाठी की आपल्याच भीतीसाठी?

"डॉक्टर, जुळत असेल तर माझी पिशवी यांच्या पोराला द्या!"

पिशवी जुळते का पाहायला डॉक्टरीणबाई उठून गेल्या. बाबा येऊन त्याच्या शेजारी बसले.

मंडळी, उपचार नुसत्या आकड्यावर नसतो, माणसावर असतो. डॉक्टरांना शंका जरूर विचारा, पण हट्टाची पिशवी टांगू नका. एखादा जीव तिच्यासाठीच ताटकळत असतो.

भेटीच्या वेळी ताईने डोळे किलकिले केले. "जेवलास?"

रोज तो "हो" म्हणायचा. आज त्याने तिचा हात गालाशी धरला.

"नाही गं ताई. तू इथे आल्यापासून घास उतरत नाही. घरात एकट्याला फार भीती वाटते मला."