पाण्याशिवाय काही नाही

देर्लिस ओवेलारच्या मेंदूची तपासणी दहा वाजून चाळीस मिनिटांनी संपली. गुंगीच्या सिरपचा अंमल तासाभरात उतरतो. एक वाजला, तरी तो जागा झाला नव्हता.

भूलतज्ज्ञ सुनिल्दा आयाला हिने त्याच्या छातीच्या हाडावर बोटांची पेरे तिसऱ्यांदा रगडली. चार वर्षांच्या पोराने कपाळाला आठी घातली, एवढेच. असुन्सिओनच्या भर उन्हाळ्यातल्या जानेवारीने खिडकीची काच तापली होती. तिची बोटे मात्र गार पडली होती.

"दुपारची झोप आपल्याकडे कोण चुकवतं, बाई?" तंत्रज्ञ फुल्हेन्सिओ दारातून म्हणाला. "निजू द्या की राजेसाहेबांना."

"श्वास मोज."

त्याने मिनिटभर मोजले. "बारा. या वयाला वीस तरी हवेत." त्यानंतर त्याने थट्टा केली नाही.

वजन चौदा किलो, सिरप सात मिलिग्रॅम. हे गणित तिने कागदावर पुन्हा मांडले, मग त्यालाही मांडायला लावले. बाटलीवरचे प्रमाण वाचले. साखर ठीक, ताप नाही. मान एका बाजूला कलते म्हणून पोराला आणले होते. पण चित्रांत गाठ नव्हती, रक्तस्राव नव्हता. एकेक कारण बाद होत गेले तसतशी तिची भीती वाढत गेली, कारण शेवटी तिचा स्वतःचा हातच उरत होता. सिरप पिचकारीत ओढले ते याच हाताने. सातची रेघ तिने पाहिली होती, की पाहिल्यासारखे वाटत होते?

ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली घसरला. तिने मुखवटा लावला, जबडा पुढे उचलून धरला. श्वास दहा. आणखी दोन कमी झाले असते, तर घशात नळी घालावी लागली असती.

"याच्या आजीला आत बोलव."

"सकाळी विचारलंत की. पाण्याशिवाय काही नाही म्हणाल्या."

"बोलव म्हणते ना!"

म्हातारी देओलिंदा काखेत थर्मास घेऊन आली आणि नातवाचा चेहरा पाहून भिंतीला टेकली.

"उपाशीच होता ना, आजी?"

"देवाची शपथ, बाई. सहाला पाणी दिलं तेवढंच. पाणी चालेल असं तुम्हीच सांगितलंत."

"या थर्मासातलं?"

"छे! त्याची बाटली निराळी."

"निराळी कशाला?"

म्हातारीने थर्मास काखेत घट्ट धरला. सुनिल्दाला शंका आली. या शहरात नुसते पाणी सहसा कुणी पीत नाही. पित्त असो की पोटदुखी, पाला कुटायचा, तेरेरे या इथल्या थंड चहाच्या गार पाण्यात टाकायचा आणि दिवसभर घोट घ्यायचे. कुणी विचारले तर सांगायचे, पाणी प्यालो. आज सकाळी तीही पुदिन्याचे पाणी पिऊन आली होती.

"त्या पाण्यात काय होतं?"

"गवती चहा."

"आणखी?"

"मागच्या खेपेला मशिनीत उठून बसला, बाई. तुम्ही परत पाठवलंत. पाच महिने पुढची तारीख. म्हटलं, या खेपेला नीट निजू दे लेकराला..."

"आजी, काय घातलंत?"

"माझे झोपेचे थेंब. मला दहा पुरतात."

"याला किती?"

"पंधरा. दांडगं आहे हो पोरगं."

"आई गं!" फुल्हेन्सिओ म्हणाला आणि उताऱ्याची कुपी आणायला धावला.

म्हातारीने खिशातून थेंबांची बाटली काढून दिली. सुनिल्दाने नाव वाचले, मग उतारा शिरेतून दिला. अर्धे मिनिट काहीच झाले नाही. एक मिनिट. आकडा तसाच. फुल्हेन्सिओने नळीचे पाकीट फोडायला घेतले, आणि देर्लिसने मुखवटा ढकलून भोकाड पसरले.

"ओरडतोय, बाई! काय झालं त्याला?"

"जागा झालाय, आजी. ओरडू द्या."

उताऱ्याचा अंमल थेंबांच्या आधी सरतो. पोर पुन्हा गुंगीत जाऊ शकत होते. त्याला उद्यापर्यंत नजरेखाली ठेवायचे तिने ठरवले. मग तिने कागदावर लिहिले:

'सकाळी सहा वाजता आजीने स्वतःच्या झोपेच्या औषधाचे पंधरा थेंब तेरेरेच्या पाण्यातून दिले. ते औषध आणि आपले सिरप एकाच गटातले. एकाचा अंमल दुसऱ्यावर चढला. सिरपची मात्रा बरोबर होती. पाण्यात काय घातले होते, हे मी विचारले नाही.'