चाखून घेतलेलं पाणी

“चाखा, विश्रामदादा,” म्हणत रखमाबाईने डोईवरचा हंडा किनाऱ्याला ओढलेल्या मचव्याच्या फळ्यांवर टेकवला आणि तोंड खाडीकडे फिरवलं.

फळ्या धुण्याचं काम विश्रामकडे होतं. त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. कल्याण बंदरावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. मचव्याचे मालक त्र्यंबकअण्णा छत्री टेकून उभे होते.

“गोड हाय,” तो कसाबसा म्हणाला.

“मग ओत. पुढचा हंडाही चाखल्याशिवाय ओतायचा नाही!”

अण्णांचा संताप खोटा नव्हता. आगगाडी आल्यापासून मचव्यांना आधीच माल कमी, त्यात हा खाडा. कामाची रीत ठरलेली: वरच्या फळ्या खरवडायच्या, काथ्याने घासायच्या, शेवटचं पाणी मात्र विहिरीचं गोडच मारायचं. मग वाळवून राळ-तेलाचा हात. लाकडात मीठ राहिलं की तेल मुरत नाही. नेमकं तेच झालं. तेल चिकट राहिलं, फळ्यांवर पांढरे डाग उठले, आणि सगळं काम पुन्हा अंगावर आलं. “हिनंच आळस करून खाडीचं पाणी भरलं असणार!” अण्णा चारचौघांत गरजले, आणि खापर फुटलं ते पाणी वाहून मान मोडलेल्या या विधवेच्या डोक्यावर.

खाडीचं पाणी मारलं होतं विश्रामने. रखमाबाई विहिरीवर खोळंबली होती, ऊन कलत होतं. त्याने बादली खाडीत सोडली आणि मोकळा झाला. माणूस वाईट होता का? छे हो! बंदरावर भांडण झालं की निवाड्याला त्यालाच बोलवत. पण अण्णांनी तिचं नाव घेतलं आणि या भल्या माणसाची दातखीळ बसली. आपलीच लाज वाटून तो रात्रभर तळमळला होता.

पुढचा हंडा आला. रखमाबाई हलक्या आवाजात म्हणाली, “त्या दिशीपन गोडच व्हतं, दादा. तुमाला ठाव हाय. माज्या पोरीची सोयरीक मोडाया लागलीय. लबाडाची पोर कोन करंल?”

विश्राम ताडकन उठला. “अण्णा, खारं पानी म्या मारलं! हिचा काय बी दोष न्हाय.”

अण्णा चक्क हसले. “अरे, गरीब बाईसाठी तू खोटंसुद्धा बोलशील! तुला काय आज ओळखतो मी?”

“आईशपथ सांगतो, अण्णा—”

“पुरे, पुरे. तुझ्या शब्दाखातर ठेवतो तिला कामावर. पण चाखणं सोडायचं नाही.”

“देवमाणूस हाय आमचा विश्राम,” मागून कुणी म्हणालं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रखमाबाईकडे बघायची हिंमत होईना.

“कालच बोलला असता तर मानलं असतं त्यांनी,” ती न रागावता म्हणाली, आणि रिकामा हंडा उचलून विहिरीच्या वाटेला लागली. लबाड ठरलेल्या बाईचा स्पर्श नको म्हणून दोन बायका पदर सावरून बाजूला झाल्या. विश्रामला मात्र कुणीतरी हाताला धरून सावलीत बसायला जागा करून दिली.