खालचा दोरा

मशीन चालत होती, सुई वर-खाली होत होती, कापडही सरकत होतं. पण शिलाई पडत नव्हती. पंचशीलाच्या ते ध्यानात आलं तोवर झेंड्याची अख्खी बाजू संपली होती. खालच्या दोऱ्याची बॉबिन केव्हाच रिकामी झाली होती आणि निळ्या कापडावर नुसती सुईची भोकं उमटली होती.

तिनं पाय थांबवले आणि तशीच बसून राहिली. उठावंसं वाटेना.

पूर्वी असं होत नसे. खालचा दोरा संपत आला की डाव्या अंगानं एक हात पुढं यायचा आणि त्या हातात भरलेली बॉबिन असायची. तो हात महामायाचा, तिच्या धाकट्या नणंदेचा. घरात तिला सगळे मायाच म्हणत. मायाला लहानपणी पोलिओ झालेला. एका पायात जीवच नव्हता आणि दुसरा नुसता टेकायला कामी यायचा. मशीनला पाय मारणं तिला कधी जमलं नाही. नवरा लिंबाजी गेला तेव्हा पंचशीला ऐन तिशीत होती. पदरात पोरगा संघपाल आणि घरात ही नणंद. दोघींनी नांदेडच्या मोंढ्यामागच्या दोन खोल्यांत शिवणकाम सुरू केलं. पंचशीला शिवायची, माया बॉबिनी भरायची, काज करायची, बटणं लावायची, हातानं टीप घालायची.

बॉबिनी भरायला मायाकडे एक वेगळीच मशीन होती. तिचं स्टँड मोडलेलं, शटल झिजून गेलेलं. शिवायच्या कामाची ती राहिली नव्हती, पण चाक फिरत होतं. मशीनचं ते काळं डोकं लाकडी खोक्यावर पुढ्यात घेऊन माया बसायची. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीतून दोरा सोडायचा. बॉबिन सैल भरली की शिलाईखाली दोऱ्याचं जाळं होतं, जास्तच भरली की बॉबिन-केसमध्ये अडकते. मायाची बॉबिन कधी अडकली नाही.

यंदा थंडीच्या दिवसांत संघपाल मायाला लातूरला घेऊन गेला. त्याची तिथं सरकारी नोकरी, बायको बुद्धप्रिया दवाखान्यात नर्स. बाळंतपणाची रजा संपली आणि दर्शनीला, त्यांच्या मुलीला, सांभाळायला घरात कुणी नव्हतं. त्यानं आधी आईलाच विचारलं होतं. पंचशीला म्हणाली, "माझं काम सोडून कशी येऊ मी?" मग तो आत्याकडे वळला. आत्याचं काम सुटण्यासारखं आहे, असं त्याला वाटलं. पंचशीलालाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आता चौदा एप्रिल जवळ आला होता. नरसिंग झेंडेवाल्यानं दरवर्षीप्रमाणं कापडाचे गठ्ठे आणून टाकले होते. निळे झेंडे, आणि पाच पट्ट्यांचे पंचशील ध्वज: निळी, पिवळी, लाल, पांढरी, केशरी. ज्या रंगाची पट्टी त्याच रंगाचा दोरा, वरही आणि खालीही. म्हणजे सारख्या बॉबिनी बदलायच्या. प्रत्येक वेळी चाकाचा स्क्रू सैल करायचा, बॉबिन चढवायची, पाय मारून भरायची, स्क्रू परत आवळायचा, सुईत दोरा ओवायचा. डोळ्यांना भोक दिसायचं नाही. गुडघे आधीच बोलायला लागले होते. एक दिवस ती मायाच्या जागी, खोक्यापुढं जाऊन बसली. दहा-बारा बॉबिनी भरल्या नाहीत तोच मनगटातून कळ निघाली, ती पार कोपरापर्यंत गेली. एवढी वर्षं मायाचं मनगट दुखत असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. माया बोलली नव्हती आणि हिनं विचारलं नव्हतं.

त्या भोकं पडलेल्या झेंड्यापाशी बसूनच तिनं ठरवलं. मायाला परत आणायचं.

दुसऱ्या दिवशी एका पिशवीत बेतलेलं कापड, दुसरीत दोऱ्याची रिळं आणि रिकाम्या बॉबिनींचा डबा घेऊन ती लातूरच्या एसटीत बसली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता. काय बोलायचं, कसं बोलायचं, हे ती मनात जुळवत होती आणि जुळवता जुळवता तिचा डोळा लागत होता. चाकूरला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईनं तिच्या मांडीवरून घसरलेला डबा उचलून दिला.

संघपालचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. प्रत्येक वळणावर थांबत, पिशव्या टेकवत ती वर पोचली. दार बुद्धप्रियानं उघडलं. ती ड्युटीला निघायच्या घाईत होती, अंगावर पांढरे कपडे, डोळ्यांखाली काळं.

"जयभीम आई. अचानक आलात? फोन तरी करायचा, हे आले असते स्टँडवर."

"आले सहज. दर्शनीला बघावं म्हणलं."

"बरं झालं आलात. रात्रभर रडली ती, दात येऊन राहिलेत. आत्यांना पण झोप नाही." एवढं बोलून ती चपला पायात सरकवतच जिना उतरली.

आत माया पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. मांडीवर दर्शनी झोपलेली. वहिनीला बघून मायाचा चेहरा फुलला, पण पोर जागी होईल म्हणून तिनं ओठावर बोट ठेवलं. पंचशीला तिच्या शेजारी टेकली.  दोघीही थकल्या होत्या.

"खाली जातीस का कधी?" पंचशीलानं हळू आवाजात विचारलं.

"कशी जाऊ? संघपालनं उचलून आणलं तेव्हापासून इथंच हाय मी. गॅलरीतून रस्ता दिसतो. ऑटो मोजत बसते." मायाची नजर पिशवीकडे गेली. "झेंडे आणलेस वैनी?"

"तुझ्याबिगर न्हाई व्हायले गं. बॉबिनी भरून भरून जीव चाललाय माझा."

माया हसली. "दे इकडं. पण भरू कशावर? बुद्धप्रियाची मशीन हाय, तिच्या भावानं लग्नात दिलेली. पलंगाखाली खोक्यातच हाय अजून."

पंचशीलानं खोकं ओढून काढलं. पांढरी, हलकी, विजेवर चालणारी मशीन. सोबत वायरला जोडलेलं छोटं पॅडल. तिनं ती बाहेरच्या खोलीत जेवायच्या टेबलावर मांडली, झोपलेल्या दर्शनीला पलंगावर ठेवलं आणि मायाला उचलून बाहेर खुर्चीत बसवलं. बॉबिन भरायची दांडी या मशीनला वर, उजव्या बाजूला होती. पंचशीलानं डब्यातली लोखंडी बॉबिन चढवली, तर ती दांडीवर खुळखुळायला लागली. मशीनबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या बॉबिनी नीट बसत होत्या, पण त्या नांदेडच्या मशीनला चालल्या नसत्या. मायानं दोऱ्याचा तुकडा घेऊन दांडीला दोन वेढे दिले आणि बॉबिन वरून दाबली. गच्च बसली.

"आता पाय दाब तू," माया म्हणाली.

पंचशीलानं पॅडल पायानं दाबलं. गुर्रकन आवाज झाला आणि मायाच्या चिमटीतला दोरा सरसरत निघाला. काही समजायच्या आत बॉबिन भरली आणि दांडी आपोआप थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"चाक फिरवायचं न्हाई, काही न्हाई," माया म्हणाली. तिनं उजवं मनगट डाव्या हातानं दाबून बघितलं, आणि लगेच हात खाली घेतला.

तेवढ्यात आत दर्शनी रडायला लागली. पंचशीला उठून गेली, पोरीला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारू लागली. बाहेरून माया म्हणाली, "वैनी, ते पॅडल वर दे गं जरा, टेबलावर." पंचशीलानं ते उचलून तिच्यासमोर ठेवलं आणि परत आत गेली. पोर शांत झाली. तिला थोपटता थोपटता पंचशीलाही पलंगावर आडवी झाली. बाहेर मशीन मध्येच गुरगुरायची, थांबायची. तो आवाज ऐकत ती झोपून गेली.

जाग आली तेव्हा आवाज बदललेला होता. बॉबिन भरताना मशीन गुरगुरते; हा आवाज टकटक असा होता, थांबत थांबत येणारा. तो आवाज ओळखायला पंचशीलाला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती उठून दारात आली.

माया शिवत होती. पॅडल टेबलावर डाव्या कोपराखाली होतं. कोपर दाबलं की सुई चालायची, उचललं की थांबायची. दोन्ही हात कापडावर होते. निळ्या पट्टीला पिवळी पट्टी जोडली जात होती. शिलाई सापासारखी वळत गेली होती. मायाचं तोंड किंचित उघडं होतं आणि कपाळावर घाम होता. वहिनी दारात उभी आहे हे तिला कळलंच नाही.

पंचशीलाचं पहिलं लक्ष वाकड्या शिलाईकडे गेलं. कापड वाया घालवलं, असं ओठांवर आलं होतं. मग तिला आठवलं की मोटर तर नांदेडच्या कुठल्याही दुकानात मिळते, आणि तिचं पॅडल टेबलावर ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही; माया केव्हाच शिवू शकली असती. पुढचा विचार करायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती खुर्ची ओढून मायाजवळ बसली.

"कापड ओढू नको. ते आपलं आपण जातं. तू नुसती वाट दाखव."

मायानं मान हलवली. कोपर परत दाबलं.

संध्याकाळी संघपाल आला, मागोमाग बुद्धप्रिया. जेवणं झाली. पंचशीलानं गाडीत जुळवलेलं सगळं एका वाक्यात सांगून टाकलं, "मी मायाला न्यायला आले."

संघपालनं हातातला तांब्या खाली ठेवला. "आई, मग दर्शनीचं कसं? पाळणाघरात एवढीशी पोर कशी ठेवायची? अजून चार-सहा महिने तरी..."

"माझं काम बुडायलंय, ते?"

"तुला कितीदा म्हणलं, काम सोड, इकडं ये."

"मी नाइट घेते," बुद्धप्रिया मध्येच बोलली. "दिवसा पोरीला मी बघते. आत्यांना जाऊ द्या."

"आणि झोपशील कधी?" संघपाल चिडला.

 बुद्धप्रियानं दोन्ही हातांनी डोळे चोळले. तिघंही मग एकदम बोलायला लागले. आत्याला कधी न्यायचं, कधी आणायचं, कुणी पोचवायचं. माया भिंतीला टेकून ऐकत होती.

"मला इचारा की कुणीतरी," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले.

"मी न्हाई जायची नांदेडला. पोरीसाठी म्हणून न्हाई. पोरीचा लळा हाय, ते येगळं. पण मला शिवायचंय. वैनी, तिथं मी गेले की पुन्हा खोक्यापुढं बसणार. तू न्हाई बसवलंस तरी मीच जाऊन बसेन, सवयच तशी लागलीय. इथं ही मशीन हाय, बुद्धप्रिया, वापरू का मी?"

"वापरा की, आत्या. मला कुठं येतंय शिवायला."

"दुपारी पोर झोपली की शिवीन. आन् संघपाल, मला खालच्या मजल्याची खोली बघ. मला उंबऱ्यात बसायचंय, रस्त्यावरच्या बाईशी बोलायचंय."

संघपाल "हाव आत्या" एवढंच म्हणाला.

पंचशीलाला राग आला होता, आणि राग कुणावर आहे ते तिला समजत नव्हतं. "मग माझ्या बॉबिनी कोण भरंल?" असं ती बोलून गेली आणि स्वतःच्याच आवाजाची तिला लाज वाटली.

"तू भर," माया शांतपणे म्हणाली. "मोटर बसवून घे आधी. आन् अर्धे झेंडे इथं ठेवून जा."

सकाळच्या गाडीनं पंचशीला परत निघाली. डबा भरलेल्या बॉबिनींनी जड झाला होता, कापडाची पिशवी अर्धी झाली होती. संघपालनं तिला स्टँडवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. सुटता सुटता त्यानं पाण्याची बाटली आत दिली.

झेंडे वेळेत झाले, पण सुखासुखी झाले नाहीत. लातूरचा गठ्ठा एसटीच्या पार्सलनं आला. त्यातले बरेच पंचशीलाला उसवून परत शिवावे लागले. शेवटचे काही मात्र तिनं उलटून पालटून पाहिले आणि तसेच बाजूला ठेवले. नरसिंगनं त्यातला एक उचलून विचारलं, "ही शिलाई तुझी न्हाई वाटत?"

"माझ्या नणंदेची हाय."

"ती शिवती?"

"हाव. शिवती."

उन्हाळ्यात संघपालला लातुरातच औसा रोडकडे तळमजल्यावरची जागा मिळाली. तिथल्या बायका मायाकडे आधी उशांचे अभ्रे आणि साड्यांचे फॉल घेऊन आल्या. मग कुणीतरी पोरीचं झबलं शिवून मागितलं. पंचशीलानं मशीनला मोटर बसवून घेतली. गुडघ्यांना थोडा आराम पडला, पण पाठ होतीच, आणि डोळे होतेच. घरात आता काम करताना बोलायला कुणी नव्हतं. संध्याकाळी ती भाकरी थापायची, दोन घास खायची आणि मशीनशेजारीच अंथरूण टाकायची.

एक दिवस ती अशीच कलंडली होती, तर फोन वाजला.

"वैनी, बाही जोडायली मी. बाही मोठी होतीय, अंग छोटं पडतंय. काय करू?"

पंचशीलानं डोळे मिटूनच विचारलं, "टाचण्या लावल्यास का आधी?"

"न्हाई."

"लाव. खांद्यापासून सुरू कर, बगलंकडनं न्हाई. मधी जिथं जास्त वाटंल तिथं कच्चा दोरा घाल, थोडं जमवून घे."

पलीकडे माया कुणाला तरी कात्री मागत होती. दर्शनी काहीतरी बडबडत होती. बराच वेळ फोनवर नुसती घरातली खुडबुड ऐकू येत राहिली.

"झोपलीस का वैनी?"

"न्हाई," पंचशीला म्हणाली आणि फोन उशीवर कानाशी ठेवून कुशीवर वळली. "शिव तू. मी हाय."