चौदावा रकाना

बँकेच्या मूल्यांकन अहवालात चौदावा रकाना असतो : 'मिळकतीत किंवा मिळकतीलगत विहीर, नाला, खदान आहे काय?' मी तिथं नेहमी 'नाही' लिहिते. खरं सांगायचं तर लिहीतही नाही. मागच्या अहवालाची फाईल उघडायची, नावं बदलायची, आकडे बदलायचे. 'नाही' तिथं आधीच असतं.

सोनपेठला आमच्या दोन खोल्यांत बसून मी माणिकराव सरांचे अहवाल टाईप करते. सर सिव्हिल इंजिनिअर. कुणी दुकानांच्या बांधकामासाठी कर्ज काढलं की सर जागेवर जाऊन येतात, काम किती झालं, किंमत किती, ते लिहून देतात. त्यावर बँक कर्जाचा पुढचा टप्पा सोडते. सरांचं अक्षर कुणालाच लागत नाही, मला लागतं. बी.एस्सी. बॉटनी झालेल्या बाईला लेकरू सांभाळून घरात बसल्या दुसरं कुठलं काम मिळणार होतं? अहवालावर नाव सरांचं, शिक्का सरांचा, सही सरांची.

मेच्या शेवटी रामप्रसादशेठच्या कॉम्प्लेक्सचा तिसरा अहवाल आला. हा शेवटचा टप्पा. खाली चौदा गाळे, वर एक मजला. या वेळी बँकेची अट होती की निम्म्या गाळ्यांचे भाडेकरार जोडा. नुसत्या भिंतींवर बँकेचा भरवसा बसत नाही, भाडं येतंय हे तिला कागदावर बघायचं असतं. पाच गाळे भाड्यानं गेले होते. सहावा आणि सातवा मधली भिंत काढून एक केला होता आणि तो दैवशाला मॅडमनी बालवाडीसाठी घेतला होता, पंधरा जूनपासून. तो धरला तरच सात भरत होते. मॅडमची सध्याची बालवाडी पत्र्याच्या शेडमध्ये आहे. उन्हाळ्यात मुलं नुसती भाजून निघतात. आम्ही आयांनीच त्यांच्यामागं लकडा लावला होता, मॅडम, पक्क्या जागेत चला.

माझी वैष्णवी चार वर्षांची. ती तिथंच बसणार होती. आणि कॉम्प्लेक्सच्या वायरिंगचं काम माझ्या नवऱ्याकडं, आदिनाथकडं. वर्षभरात त्याला मिळालेलं सगळ्यात मोठं काम.

बँकेनं या वेळी जागेचं जुनं खरेदीखतही मागितलं होतं. ते स्कॅन करता करता मी चतुःसीमा वाचल्या. जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते खतात लिहिलेलं असतं. दक्षिणेस : सामाईक विहीर, त्यापलीकडे रस्ता.

माझ्या दोन्ही अहवालांत होतं, दक्षिणेस : रस्ता.

मी नकाशा काढला. इमारत थेट रस्त्याला टेकली होती. मध्ये काही उरलंच नव्हतं. मग विहीर गेली कुठं? पहिला अहवाल मी ताडकळसच्या एका दुकानलाईनीच्या अहवालावरून उतरवला होता. चौदाव्या रकान्यातलं 'नाही' ताडकळसचं होतं. ते तसंच सोनपेठला आलं आणि त्यावर बँकेनं दोन टप्पे सोडले.

वैष्णवी बाजूला खडूनं फरशीवर मांजर काढत होती. 

कॉम्प्लेक्ससमोर लिंबाखाली केवळाबाई शेळ्या घेऊन बसलेली असते. दुसऱ्या दिवशी आदिनाथचा डबा घेऊन जाताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, इथं विहीर होती का हो कधी?"

"होती की! लय पाणी. माझ्या शेरडायचं सगळं पाणी तितलंच." तिनं काठी उचलून सहाव्या शटरकडं केली. "तितं. दोन दिवस टॅक्टर चालू होते. विटायचे तुकडे, गोण्या, काय हाती येईल ते टाकलं. भुताला सुदिक वर यायला जागा न्हाई ठिवली." आणि ती खो खो हसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काय झालं गं? तोंड कामून उतरलं?"

"ऊन लागलं," मी म्हटलं.

आत बालवाडीचा हॉल छान झाला होता. भिंतीवर सफरचंद आणि बदक रंगवून झालं होतं. आदिनाथ शिडीवर होता. माझा हात सोडून वैष्णवी सुटली ती उड्या मारत. इकडून तिकडं, तिकडून इकडं. एका कोपऱ्यात, बदकाजवळ, ती थांबली. पुन्हा उडी मारली.

"आई, इथं वेगळंच वाजतंय."

"वैशू, इकडं ये."

"ऐक ना. तिथं टप होतंय. इथं ढब्ब होतंय."

मी धावत जाऊन तिला उचललं. इतक्या जोरात की ती रडायला लागली. आदिनाथ वरून म्हणाला, "काय करायलीस? खेळू दे की."

तेव्हा मला भेग दिसली. बदकाच्या पायापासून निघून तिरकी खिडकीपर्यंत. केसाएवढी. तिच्यावर रंगाचा ताजा हात होता, आणि तो हातही उलला होता.

परभणी जिल्ह्यात भेगेला कुणी भीत नाही. काळी माती, उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, घराघरांत भेगा. पण सर एकदा चहा पीत सांगत होते ते मला आठवलं. "भेग मेलेली हाय का जिती, ते काच सांगती. भेगेवर काच चिकटवायची. भेग हालली की काच तडकती. काचेला लाच देता येत न्हाई."

कॉलेजातली स्लाईडची डबी माझ्याकडं अजून आहे. कांद्याची साल ठेवून बघायच्या त्या काचपट्ट्या. पुढच्या दिवशी आदिनाथ चहाला बाहेर गेला तेव्हा मी एक पट्टी भेगेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकांना त्याच्याच पिशवीतलं एम-सील दाबलं. पुढं रंगाचे डबे सरकवून ठेवले. हात धुतले तरी वास जाईना. घरी येईपर्यंत वाटत होतं, रस्त्यातला प्रत्येक जण माझे हात हुंगतोय.

अहवाल द्यायला सहा दिवस होते. मी रोज डबा घेऊन जायचे. पहिला दिवस, काच साबूत. दुसरा दिवस, साबूत. मला वाटायला लागलं, मीच वेडी. आदिनाथ म्हणालाच, "आजकाल लय प्रेम उतू चाललंय. आधी घरी येऊन जेवा म्हणायचीस." मी हसले. तेवढ्यापुरतं. वैष्णवीला मी शेजारच्या कुसुमबाईंकडं ठेवून जात होते. ती विचारायची, आई, मला ढब्ब करायला का नेत नाहीस? तिला काय सांगू? जेवताना ती पाट आपटायची, तरी मी दचकायचे. बालवाडीच्या पटावरची नावं करारासोबत जोडलेली होती, एकतीस. ती यादी मी टाईप केली होती. भाजी निवडताना ती नावं ओळीनं डोक्यात चालायची. आणि एकदा, लाज वाटते सांगायला, असंही मनात आलं की वैष्णवीचं नाव काढून घ्यावं, पोखर्णीला आईकडं ठेवावं वर्षभर, आणि गप्प बसावं. तीस राहतील. ती ज्यांची त्यांची.

पाचव्या दिवशी डबे सरकवले तर काच मधोमध तुटली होती.

आवाज झाला असेल का? एखाद्या दुपारी, कुणी नसताना, टक् असा? मी दोन्ही तुकडे नखांनी सोडवले, रुमालात गुंडाळले, आणि घरी येऊन चौदाव्या रकान्यात पहिल्यांदा 'होय' टाईप केलं. पुढं लिहिलं : बुजवलेली विहीर, गाळा क्रमांक सहाखाली, भेग हालती.

सरांनी ऑफिसात बसून ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"मागच्या दोन रिपोर्टात काय लिवलंय?"

"नाही."

"मग महिन्याभरात हीर उगवली का, पोरी?"

"चूक माझी आहे सर. मी ताडकळसच्या फाईलवरून..."

"चूक तुझी, सही माझी." त्यांनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आला. "माझ्या सहीवर बँकेनं पैसा सोडला. आता मी 'होय' म्हणलो तर पयले मला धरतेत. बँकेच्या पॅनलवरून नाव जाईल. या वयात मी काय करू, पानटपरी टाकू?"

मी रुमाल उघडून काच टेबलावर ठेवली. सरांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. त्यांना कळलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्यांना माझ्याइतकीच भीती वाटत होती, हे बघून मला जास्तच भीती वाटली.

"चाळीस वर्षं उभी ऱ्हाईल ती इमारत," ते म्हणाले.

"तुमची नात बसवाल तिथं?"

"लय बोलायलीस." मग थोडं थांबून, "'नाही' करून आण. उद्या सकाळी सही करतो. आणि आदिनाथचं काम त्या शेठकडंच हाय, ते ध्यानात ठेव."

संध्याकाळी मी आदिनाथला सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला.

"तुला कुणी सांगितलं हे धंदे करायला? इंजिनिअर हायेस तू? सगळं काम जाईल माझं. गावात दुसरं कोण बोलवील? बायको भिंतीला काचा चिकटवती म्हणून?"

"ओरडू नका, वैशू बघतीय."

वैष्णवी दारात उभी होती. तो खाली बसला. पोळीचा तुकडा चुरगाळत राहिला.

"त्या कोपऱ्यात," तो शेवटी म्हणाला, माझ्याकडं न बघता, "भिंतीतला वायरचा पाईप तुटला होता. मार्चमधी. मी नवा घातला. एप्रिलमधी परत तुटला."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं?" तो उठला, पिशवी उपडी केली, पक्कड, टेस्टर, टेपचे रोल, आणि त्यातून बोटभर पांढरा पाईप काढून माझ्या पुढ्यात ठेवला. एका टोकाला कापलेला नव्हता, पिळून तुटला होता. "का ठिवला काय माहीत. टाकायचा होता."

सकाळी सात वाजता आम्ही तिघं दैवशाला मॅडमच्या शेडमध्ये गेलो. सरांच्या सहीला अजून वेळ होता. मॅडम सामान बांधत होत्या. खोक्यांवर खडूनं 'नवी जागा' लिहिलेलं.

"अगं बाई, तुमी मदतीला आलात का काय?" त्या हसून म्हणाल्या.

मी बोलायला लागले. विहिरीपर्यंत आले तेव्हा त्यांचं हसू गेलं. काचेचे तुकडे त्यांनी हातात घेतले, एकाला एक लावून बघितले. आदिनाथनं पाईप पुढं केला आणि तारखा सांगितल्या.

"अनामत दिलीय मी," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांवर शाळा आलीय. हे पत्रे पावसाळ्यात गळतेत. कुठं नेऊ मी लेकरं?"

 बाहेर वैष्णवी वाळूत उड्या मारत होती. मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. मग एका खोक्याची दोरी सोडली, त्यातून शाळेचा छापील कागद काढला.

"तूच लिही. माझा हात नीट चालायचा न्हाई आज. बँकेला पत्र. करार रद्द. आणि का रद्द, ते बी लिही. नुसतं घरगुती अडचण म्हणून लिहिलं तर शेठ उद्या तिथं दुसऱ्या कुणाची तरी लेकरं बसवील."

मी लिहिलं. विहीर, गाळा क्रमांक सहा, काच कधी लावली, कधी तुटली, पाईप किती वेळा तुटला. सरांच्या दोन अहवालांत चौदावा रकाना चुकीचा भरला गेला आणि तो मी भरला, हेही लिहिलं. आदिनाथ माझ्या खांद्यावरून वाचत होता. ते वाक्य आलं तेव्हाही तो खोड म्हणाला नाही.

मॅडमनी सही केली. "साक्षीदार लागतेत. दोन."

आदिनाथनं पेन घेतलं आणि भराभर सही केली, अंगावरून पाल झटकावी तशी. मग पेन माझ्याकडं आलं.

चार वर्षांत मी शंभरावर अहवाल टाईप केले असतील. एकावरही माझं नाव नाही. हे पत्र दहाला बँकेत जाणार होतं. अकरापर्यंत रामप्रसादशेठला कळणार, सरांना कळणार, बारापर्यंत गावाला. 

मी सही केली. ती वेडीवाकडी आली, कुणाचीही असावी तशी. उद्या कुणी म्हणायला नको, ही तिची सहीच नव्हे. म्हणून मी तिच्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आणि त्याखाली आमच्या घराचा पत्ता.