अर्धी रोजी

काजलने नागपूरच्या लकडगंजातल्या आपल्या शेठविरुद्ध कामगार कार्यालयात अर्ज केला आहे, ही गोष्ट मनोहररावांना लेकीकडून नव्हे, बायकोकडून कळली. प्रयागबाईंनी भाकरी थापता थापता ती सांगितली आणि नंतर तव्याकडेच पाहत राहिल्या. सुनावणी येत्या मंगळवारी होती.

मनोहररावांचा नरखेड तालुक्यात सहा एकरांचा संत्र्याचा बगीचा. माणूस कष्टाळू, पण सरकारी कचेरीच्या पायरीला बिचकणारा. मुलगी नागपुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथल्या महाल भागात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची आणि कॉलेज झालं की दोन ते आठ कुलपं-बिजागऱ्यांच्या एका ठोक दुकानात बिलं बनवायची. खोलीचं भाडं ती स्वतः देते, हे मनोहरराव चारचौघांत आवर्जून सांगत. आता मात्र त्यांनी फोन करून अर्ज मागे घ्यायला सांगितलं. मालकाशी वैर कशाला, दुकानं काय कमी आहेत, असं बरंच समजावलं. काजलने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, अर्ज माह्या एकटीचा नाही. आम्ही पाच जण आहो," ती म्हणाली. "तुम्ही फक्त या, अन् बाजूले बसा."

मंगळवारी ते सकाळच्या एसटीने आले. स्टँडवरून चालता चालता काजलने सगळं उलगडून सांगितलं. दुकानातल्या पाचही विद्यार्थ्यांना तासाच्या हिशेबाने प्रीतमच्या पगाराच्या निम्मेच पैसे मिळत. प्रीतम दुकानाचा जुना कारकून. काम तेच, काउंटरही तेच. त्या निम्म्यातूनही दर महिन्याला दहा टक्के टॅक्स कापला जाई. वर्ष संपल्यावर काजलने मोबाइलवरून विवरणपत्र भरलं, तेव्हा समजलं की एवढ्याशा कमाईवर कर लागतच नाही. कापलेली रक्कम खात्यात परत आली. मग तिने उरलेल्या चौघांचंही भरून दिलं. त्याच खटपटीत किमान वेतनाचं सरकारी दरपत्रक तिच्या हाती लागलं. विद्यार्थ्यांसाठी कमी दर त्यात कुठेच नव्हता, आणि या पाचांना मिळे ते ठरलेल्या दराहूनही कमी होतं. पाचही जणांची अठरा वर्षं केव्हाच पूर्ण झाली होती. तिने शेठना दोनदा विचारून पाहिलं, दोन्ही वेळा ते नुसते हसले. मग तिने अर्ज लिहिला.

कार्यालयात ओमप्रकाशशेठ आधीच येऊन बसले होते. त्यांनी उठून मनोहररावांना नमस्कार केला, गावाकडचं पाऊसपाणी विचारलं. राग यावा असा माणूसच नव्हता तो. अधिकारी मॅडमसमोरही ते शांतपणे बोलले. परीक्षेच्या दिवसांत आपण या मुलांना सुटी देतो, दिवाळीला मिठाई देतो, घरच्यासारखं वागवतो, असं त्यांनी सांगितलं.

"बच्चे आहेत मॅडम हे," ते म्हणाले. "टॅक्स भरत नाहीत, घर चालवत नाहीत. हिचे वडील शेतकरी, त्यांनाही टॅक्स नाही. शिकता शिकता खर्चापुरतं मिळतं ना? मग प्रीतमएवढा पगार कशाला?"

मनोहररावांचे कान तापले. ते उठायला गेले. तोवर काजल उभी राहिली होती.

"मॅडम, कर लागला तर मी भरीन. मले त्याची लाज नाही. पण कर कापताना मी मोठी अन् पगार देताना मी लहान, असं कसं?"

मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली. काजलने एका महिन्याच्या बिलांच्या प्रती पुढे ठेवल्या. काहींखाली तिची सही होती, काहींखाली प्रीतमची. शेठनी परीक्षेला सुटी दिली हे खरं आहे आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही, असं ती म्हणाली. "पण उपकार वेगळे अन् रोजी वेगळी," एवढं बोलून ती खाली बसली.

मॅडमनी प्रीतमला विचारलं. शेठनीच त्याला सोबत आणलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला की काम सारखंच आहे, आणि कॉम्प्युटरवरचं बिल आपल्याला काजलनेच शिकवलं.

मनोहररावांची छाती फुगून आली. ही आपली पोर, कचेरीत उभी राहून एवढं नीट बोलते. आणि त्याच क्षणी त्यांना मागच्या वर्षीचा तोडा आठवला. संत्री तोडायला कॉलेजात जाणारी पाच-सहा मुलं-मुली आली होती. त्यांना त्यांनी अर्धी रोजी दिली होती. पोट्टे आहेत, शिकून राहिले, खर्चापुरतं बस झालं, असं तेव्हा तेच म्हणाले होते. शेठचे शब्द आणि त्यांचे शब्द यांत काडीचाही फरक नव्हता.

मॅडमनी पूर्ण दराचा आदेश काढला, शेठनीही फार ताणलं नाही. महिन्याभरात पाचही जणांना पूर्ण दर लागू झाला, मागचा फरकही खात्यात आला. कोणाला कामावरून काढलं नाही. शेठ काही दिवस काजलशी तुटक वागले, मग दिवाळीच्या गर्दीत मालाची तपासणी त्यांनी तिच्याकडेच सोपवली. आदेशाची झेरॉक्स मनोहररावांनी मागून घेतली. ती सदऱ्याच्या खिशात घालून ते गावभर फिरले, आणि कोणी विचारो न विचारो, काढून दाखवत राहिले.

नोव्हेंबरात तोडा लागला. माणसं चौदा, त्यांत कॉलेजची सहा. संध्याकाळी मनोहररावांनी सगळ्यांच्या हातावर सारखीच रोजी ठेवली. त्यांतल्या, मागच्या वर्षीही आलेल्या तिघांना थांबवून घेतलं आणि तेव्हाची उरलेली अर्धीही दिली. त्यांतली माया नावाची मुलगी पैसे हातात धरून तशीच उभी राहिली. चूक झाली असावी, असं तिला वाटलं.

शेजारच्या बगीच्याचे आनंदराव दुसऱ्या दिवशी बांधावर आले. तुम्ही आमचा दर बिघडवून राहिले, अशी त्यांची तक्रार होती.

"आनंदराव, भरलेले क्रेट मोजा ना भाऊ," मनोहरराव म्हणाले. "वय काहून मोजता?"

हे सगळं प्रयागबाईंनी फोनवर काजलला कळवलं. तिने वडिलांना फोनवर बोलावून घेतलं. मनोहरराव म्हणाले, "तू तिथं बोलून राहिली होती ना, तवा मले वाटलं, मीच शेठच्या खुर्चीत बसून आहो."

रविवारी काजल गावी आली. बगीच्यात माणसं जेवायला बसली होती. मनोहरराव तिला घेऊन त्यांच्यापुढे गेले. लकडगंज, कार्यालय, आदेश, सगळं सांगायचं त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण सगळ्यांनी वर पाहिलं, तेव्हा त्यांनी काजलच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे माही पोरगी," ते एवढंच म्हणाले.