सासरेबुवा म्हणाले

गेल्या आठवड्यात आपण काय म्हणालो, हे अण्णांना रविवारी सकाळी पेपर आल्यावर कळायचं.

यात अतिशयोक्ती काही नाही. अण्णा मुळात बोलायचेच कमी. सगळी हयात बंदरावर क्रेन चालवण्यात गेली. एवढ्या उंचावर, काचेच्या केबिनमध्ये एकटा बसलेला माणूस बोलणार तरी कुणाशी? निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. जित्याची खोड. जेवण छान झालं तर 'हं', बिघडलं तर 'हं', आणि लेकीने स्वतःचं लग्न ठरवून घरी सांगितलं तेव्हाही 'हं'च. तेव्हाचा 'हं' जरा लांब होता, असं लेक सांगते.

अशा माणसाला जावई मिळाला तो शब्दांवर पोट भरणारा. समुद्राकाठच्या त्या अवाढव्य शहरातल्या एका जुन्या वर्तमानपत्रात तो कामाला होता. शहरात आठवडाभर जे काही घडेल त्यावर दर रविवारी त्याचं सदर यायचं. खणून ठेवलेले रस्ते, लाटांनी पाडलेली भिंत, ती पुन्हा बांधायचा ठेका कुणाच्या मेव्हण्याला मिळाला, असलं सगळं. बातम्या लोकांना आधीच ठाऊक असायच्या. सदर वाचायचे ते शेवटच्या परिच्छेदासाठी. तिथे 'आमचे सासरेबुवा' यायचे आणि एका वाक्यात भल्याभल्यांची टोपी उडवून जायचे.

पहिलं वाक्य खरोखरच अण्णांचं होतं. पालिकेने मोठ्या चौकात कारंजं बसवलं, आणि खाऱ्या वाऱ्याने त्याचं सगळं पाणी रस्त्याने जाणाऱ्यांच्या अंगावर. जावयाने सहज विचारलं, "अण्णा, कारंजं पाहिलंत का?" अण्णा म्हणाले, "भिजायला समुद्र कमी पडत होता?" ते छापून आलं आणि शहर पोट धरून हसलं. पुढच्या आठवड्यात जावई पुन्हा समोर येऊन बसला. अण्णा म्हणाले, "हं." त्याच्या पुढच्या आठवड्यातही 'हं'. 'हं' छापून कुणाचं सदर चालतं? मग जावयाने पदरचं घालायला सुरुवात केली.

आपण न बोललेलं वाक्य अण्णांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहाचा कप मध्येच थांबवून त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अण्णांनी 'हं' म्हणून आणखी अर्धा कप मागितला. जावयाने ती पडत्या फळाची आज्ञा समजली.

खरं सांगायचं तर अण्णांना ते आवडायचं. कुणी काही बोललं की त्यावरचं फर्मास उत्तर अण्णांना दुसऱ्या दिवशी जिना उतरताना सुचायचं. पेपरातल्या अण्णांना ते जागच्या जागी सुचायचं. रविवारी ते धक्क्यावरच्या बाकावर जायचे, तेव्हा एक निवृत्त शिंपी आणि औषधांच्या दुकानाचा म्हातारा मालक आधीच सरकून जागा करून ठेवायचे, आणि भोंगा सदर मोठ्याने वाचून दाखवायचा. भोंगा म्हणजे पलीकडच्या काठाला जाणारी फेरीबोट चालवणारा जुना सारंग. इंजिनाच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झाला होता की तो कानात गुपित सांगायला लागला तरी रस्त्यावरची माणसं थांबायची. वाचून झालं की तो अण्णांच्या पाठीत थाप मारायचा, "काय बोललास लेका!" अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

धोका एकच होता. पेपरच्या संपादकबाई कडक. कुणाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं म्हणून त्यांनी एका बातमीदाराला दुपारच्या चहाआधी घरी पाठवलं होतं. त्यांनी जावयालाही विचारलं होतं, "तुमचे सासरे खरंच असं बोलतात?" आणि जावई म्हणाला होता, "शब्दन् शब्द त्यांचा, बाई." लेकीने हे अण्णांना हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता तिचं हसू मावळलं. घराचे हप्ते, अण्णांची औषधं, सगळं त्या एका पगारावर होतं.

तर समुद्रावर नवा पूल झाला, आणि फेरीबोट बंद करायची का, यावर गुरुवारी पालिकेत सुनावणी ठेवली गेली. त्याआधीच्या रविवारी सदर आलं. भोंग्याने नेहमीसारखा घसा खाकरून वाचायला सुरुवात केली. शेवटचा परिच्छेद आला. "सासरेबुवा म्हणाले, 'बोट बंद होतेय? सुटलो! जन्मभर तिच्यात ओकत आलो, आता चार दिवस तरी पुलावरून...'"

भोंगा थांबला. बाकावर कुणी हसलं नाही.

"हे तू म्हणालास?" भोंग्याने विचारलं. एवढ्या हळू आवाजात बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं.

अण्णांना बोट कधी लागलीच नव्हती. वाऱ्यात डुलणाऱ्या केबिनमध्ये ज्याने आयुष्य काढलं, त्याला बोट काय लागणार! 'नाही, हे सगळं जावई रचतो,' एवढं म्हटलं की मित्र शांत झाला असता. पण ते भोंग्याच्या कानात गेलं म्हणजे शहरात गेलं, आणि शहरात गेलं म्हणजे संपादकबाईंच्या टेबलावर गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिंपी पाहत होता, औषधवाला पाहत होता.

"हो," अण्णा म्हणाले.

भोंग्याने पेपरची घडी घातली, ती बाकावर ठेवली आणि तो निघून गेला.

पुढचे दिवस अण्णांनी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. सोमवारी ते बाकापर्यंत गेले. भोंगा आला नव्हता, आणि शिंपीबुवा हवापाण्यावर बोलत राहिले. मंगळवारपासून अण्णांनी जाणंच सोडलं. लेकीने विचारलं, "बरं वाटत नाही का?" "हं." तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी जावई घरात शिरला तोच हवेत तरंगत. बूटही न काढता म्हणाला, "अण्णा, आज कमाल झाली! तुमचं वाक्य सभागृहात वाचलं! अध्यक्षांनी स्वतः! म्हणाले, आता सासरेबुवाच असं म्हणतात म्हटल्यावर आम्ही काय बोलणार? अख्खं सभागृह हसत होतं."

अण्णांनी विचारलं, "भोंगा होता?"

"होते ना. बोटीच्या बाजूने तेच बोलणार होते. पण त्यांचं नाव पुकारलं तर उठले, कागद खिशात घातला आणि पुन्हा बसले. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, घसा बसला असेल."

अण्णा खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत येऊन बसले. आणि मग बोलायला लागले. लेक स्वयंपाकघरातून धावतच आली, कारण वडिलांचा आवाज इतका वेळ सलग चाललेला तिने जन्मात ऐकला नव्हता.

"तुझी सासू पलीकडच्या काठाला इस्पितळात नर्स होती. रोज संध्याकाळी त्या बोटीने परत यायची. मी वर केबिनमध्ये. एवढ्या गर्दीत एवढ्या उंचावरून माणूस ओळखू येत नाही, म्हणून ती लाल छत्री उघडायची. कडक ऊन असो, ढग असो, छत्री उघडी. लोक हसायचे तिला. छत्री दिसली की मी क्रेनचा हुक हातभर खाली घ्यायचो आणि परत वर. कामाशिवाय हुक हलवायचा नाही, असा नियम आहे. आयुष्यात मी तो एकच नियम मोडला, पण रोज मोडला."

ते दम खायला थांबले.

"बोट वेगात असली की छत्री दिसते न दिसते तोच धक्क्याआड जायची. हे भोंग्याला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी नाही सांगितलं. पण एक दिवस माझ्या क्रेनसमोर आल्यावर त्याने बोट हळू केली. मग रोजच करायला लागला. प्रवासी शिव्या घालायचे, कंपनी पगार कापायची. ती आजारी पडून घरी बसली, तरी करत राहिला. म्हणाला, सवय झाली रे हाताला. ती गेली त्या दिवशी त्याने तिथे बोट पूर्ण थांबवली होती."

लेक दारातच खाली बसली. आईची लाल छत्री तिने लहानपणी खेळायला घेतली होती आणि त्यासाठी मारही खाल्ला होता. का, ते आत्ता कळत होतं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

जावयाचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत, की हे मी लिहिलं?"

"तुझी नोकरी."

"अण्णा..."

"आता ऐक. रविवारी लिही, 'सासरेबुवा म्हणतात, मी चुकलो, बोट राहू द्या.' बस. घरातली चूक घरात. बाहेर ती माझी."

जावई काही बोलला नाही. अण्णांनी तो होकार समजला. न बोलण्याचा अर्थ आपल्या सोयीने लावायची पाळी आता त्यांची होती.

रविवारी पेपर आला. अण्णांनी सवयीने आधी शेवटचा परिच्छेद पाहिला. तिथे लिहिलं होतं, "आमचे सासरेबुवा यातलं काहीही म्हणाले नाहीत. कारंज्याचं एक वाक्य त्यांचं. बाकी सगळी माझी करामत. बोटीबद्दल मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. विचारलं असतं तर ते गप्प बसले असते, आणि त्यांचं गप्प बसणं काय असतं ते मला छापता आलं नसतं. मी त्यांची, एका सारंगाची आणि तुम्हा वाचकांची माफी मागतो."

अण्णांनी ते पुन्हा वाचलं. जावई समोर शाळेतल्या पोरासारखा हात मांडीवर ठेवून बसला होता.

"नोकरी?" अण्णांनी विचारलं.

"आहे. सदर गेलं. बाईंना आधीच दाखवलं होतं. म्हणाल्या, हे छापते, आणि हे शेवटचं. घरी पाठवायलाच निघाल्या होत्या, मग काय वाटलं कुणास ठाऊक. उद्यापासून जहाजांची ये-जा आणि भरती-ओहोटीच्या वेळा."

"समुद्राच्या तोंडी काही घालू नकोस म्हणजे झालं," आतून लेक म्हणाली. तिचा आवाज अजून ओला होता, पण त्यात हसू होतं.

अण्णांना जावयाला जवळ घ्यावंसं वाटलं. तसं कधी केलं नव्हतं, त्यामुळे हात कुठून न्यायचे ते समजेना. शेवटी त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि केस जरा जास्तच जोरात विस्कटले.

मग ते चपला घालून धक्क्याकडे निघाले. वाटेत लाज वाटत होती, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं शहराला हसवणारा माणूस आज शहरासमोर मुका ठरला होता. पावाच्या दुकानदाराने रोजच्यासारखा हात केला, पण काय म्हणाला ते ऐकायला अण्णा थांबले नाहीत.

बाकावर भोंगा एकटाच होता. मांडीवर पेपर. शिंपी आणि औषधवाला लांब कठड्यापाशी उभे राहून समुद्र पाहत असल्याचं नाटक करत होते.

अण्णा त्याच्या शेजारी बसले.

"बोट बंद झाली," भोंगा म्हणाला. "काल पत्र आलं. ती होणारच होती. पूल काय तुझ्या जावयाने बांधला?"

अण्णांनी नुसती मान हलवली.

"मी बोटीसाठी रुसलो नव्हतो. तू 'हो' म्हणालास. माझ्या तोंडावर. तू ते वाक्य बोललाच नव्हतास, मग 'हो' का म्हणालास?"

अण्णांनी तोंड उघडलं. उत्तर उद्या जिन्यात सुचून चालणार नव्हतं. इथे जावईही नव्हता. "पोरीचं घर होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "तिचं घर की तू, असं झालं. मी तुला सोडलं. तू... तू चालवून घेशील असं वाटलं. तू नेहमीच चालवून घेतलंस."

भोंग्याने नाक ओढलं. मग त्याने असा आवाज लावला की कठड्यावरचे दोघे दचकून मागे वळले, आणि धक्क्यावरची निम्मी माणसं थांबली.

"अरे गाढवा, मग नुसता डोळा मारायचास ना मला! मीच उभा राहिलो असतो त्या सभागृहात आणि सगळ्या शहराला ओरडून सांगितलं असतं, की हो, हा माणूस रोज ओकायचा माझ्या बोटीत, आणि रोज मी स्वतःच्या हाताने पुसायचो!"

अण्णांना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. भोंग्याने पेपर उचलला, घसा खाकरला आणि जावयाची माफी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतली.